कडू पाल्याचा गुण

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. सव्वीस वर्षं उंदरांची घाण काढून त्यांचा समज झाला होता की संशोधन तेच करतात, सर नुसत्या सह्या करतात. सरांपुरतं ते खरं होतं.

साखर उतरवणाऱ्या पाल्याची चाचणी निघाली आणि मामांना चेव चढला. पाला त्यांच्याच परसातला. त्याचा अर्क नळीने मोजून उंदराच्या पोटात सोडायचा होता. पण उंदीर चावतो, म्हणून मामांनी तो सरळ खाद्यात कालवायला सुरुवात केली. सरांनी मान डोलावली. कष्ट वाचत असतील तर सर कशालाही मान डोलावतात.

महिन्याभरात बाराच्या बारा मधुमेही उंदरांची साखर उतरली. वजनंही उतरली. "दुहेरी फायदा," सर म्हणाले. तक्ते मी केले, तेव्हा मीही काही मोठी शहाणी नव्हते.

मामींना दहा वर्षांपासून मधुमेह. मामांनी त्यांच्या गोळ्या बंद केल्या आणि रोज सकाळी वाटीभर काढा सुरू केला. "डॉक्टरला काय कळतंय? मी डोळ्यांनी बघितलंय," असं ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवत. हा माणूस कधी एक पान धड वाचणार नाही, पण छाती मात्र दोन हात पुढे.

तीन महिन्यांनी मामींच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. मी दवाखान्यात गेले, तर मामा खाटेशेजारी बसून म्हणाले, "उंदरांना लागू पडला, हिलाच का पडला नाही?"

मी विचारलं, "उंदीर सगळं खाद्य संपवायचे ना?"

"छे, कडू जहर ते. हुंगून तोंड फिरवायचे. निम्म्याहून जास्त रोज केरात टाकायचो मी."

"वहीत तर रोज 'खाल्लं' लिहिलंय."

"मग काय लिहू? सर ओरडले असते."

म्हणजे ते उंदीर महिनाभर अर्धपोटी होते. साखर उपासाने उतरली होती. हे मी मामांना जितक्या कडवटपणे सांगता येईल तितकं सांगितलं. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

मामींना कळलं. त्यांनी बँडेज बांधलेल्या पायावर चादर ओढून घेतली.

"उंदरांनी धड तोंडसुद्धा लावलं नाही?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "आणि मी वाटीत एक थेंब उरू दिला नाही हो. म्हटलं, तुम्ही एवढं करताय माझ्यासाठी."