कूलरातून आलेले भुंगे

सुमीचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न मोडता मोडता राहिलं ते बरबटीमुळे. (आई म्हणते, माझ्यामुळे.)

नागपूरचा मे महिना. वर्षभरासाठी भरून ठेवलेल्या बरबटीला, म्हणजे चवळीला, भुंगे लागले. दाण्यादाण्याला भोक! आणि त्याच दुपारी कन्हानचे पाहुणे सुमीला बघायला येणार.

“बाप्पा, तो डबा कोठी तरी लपवून दे!” आई म्हणाली.

पण मी बी.एस्सी. झालेलो. लपवणं हा काय शास्त्रीय उपाय झाला? बाजूच्या अंगणात चादर अंथरून मी सगळी बरबटी उन्हात पसरली. उन्हाने भुंगे पळतात, हे खरं निघालं. ते कुठे पळतात, हे आम्हाला शिकवलं नव्हतं!

चादरीच्या बरोबर वर, बाहेरच्या भिंतीला बसवलेला बैठकीचा कूलर होता. त्याची एका बाजूची खसची टट्टी, म्हणजे वाळ्याची जाळी, धुवायला काढली होती. (मीच.)

पाहुणे बसले. मी ऐटीत कूलर लावला.

“वा, काय गार हवा!” मुलाची आई म्हणाली. लगेच दचकली. “अवं माय, हे काय उडून राहिलं?”

एक भुंगा त्यांच्या पदरावर, दोन मुलाच्या केसांत. पोह्यांत मोहरी जरा जास्तच दिसायला लागली. मग ती चालायला लागली!

“बंद कर ना गा तो कूलर!” आई ओरडली.

मी घाईत बटण उलटं फिरवलं. कूलर फुल्ल!

तेवढ्यात सुमी चहा घेऊन आली. तिने ट्रे ठेवला, मुलाच्या खांद्यावरचा भुंगा चिमटीत धरला आणि खिडकीबाहेर टाकला.

“हलू नका. कानाजवळ अजून एक आहे.”

मुलगा हलला नाही. कान मात्र लाल झाले.

आता पाहुणे उठून जाणार, म्हणून आईने डोळेच मिटले. मुलाच्या आईने पदर झटकला.

“घाबरता काहून बाई? आमच्या घरी तुरीचं हेच होऊन राहिलं! पोरगी पसंत आहे आम्हाले. भुंगा धरते, पण किंचाळत नाही.”

सुमीचं लग्न थाटात झालं. पुढे माझ्यासाठी मुली बघणं सुरू झालं, तेव्हा आई प्रत्येक घरी आधीच सांगून टाकायची, “पोरगा चांगला आहे आमचा. फक्त त्याले घरातलं काही काम सांगू नका!”

एका मुलीला ती गंमत वाटली, म्हणून माझं लग्न जमलं. आता घरी कोणी आलं की तीही हेच सांगते. न हसता!