दाराचा फोटो

त्या वर्षांत कपाशीवर बोंडअळी आणि आमच्यावर मोबाइल, दोन्ही एकदमच आले. मी अमरावतीच्या एका संस्थेत समुपदेशक होते. दर्यापूरकडच्या गावांत घरोघर जायचं, ज्यांचा जीव घाबरतो, ज्यांना झोप येत नाही, त्यांच्याजवळ बसायचं, हे माझं काम. मग साहेबांनी फर्मान काढलं: भेट झाली की त्या माणसासोबतचा फोटो, लोकेशनसकट, ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. ग्रुपमध्ये आम्ही होतो, वरचे अधिकारी होते, आणि कुणी घेतले देव जाणे, चार गावचे सरपंचही होते.

एका बाईकडे मी दर आठवड्याला जायची. मी मोबाइल काढला तसा तिनं पदर पुढे ओढला.

“हा फोटो कोण कोण पायते ताई?”

मी खरं ते सांगितलं.

“मंग नका काढू. पोरीचं अकोल्याले जमून राहिलं. माय झोपेच्या गोळ्या खाते म्हनून समजलं तं सोयरीक मोडते.”

मी ऑफिसात जाऊन भांडले. साहेबांनी मान वर न करताच निकाल दिला, “चेहरा नसंल तं घराचा टाका मॅडम. लोकेशन आलं पायजे, बस.” पदरी पडलं, पवित्र झालं.

तिला आता घरात माझ्याजवळ बसायचीही धास्ती वाटू लागली. म्हणून ती बाजाराच्या निमित्तानं दर्यापूरच्या स्टँडवर यायची. बाकावर बसून ती रडायची, मी ऐकायची, समोर जीपवाले सवाऱ्या ओढत असायचे. पण तिथलं लोकेशन चालत नसे. मग मी आधी स्कूटीवर तिच्या गावी जायची, बंद दाराचा फोटो काढायची आणि दर्यापूरला परतायची. कुलपाला भेटले की हजेरी, बाईला भेटले की गैरहजर. सुरुवातीला संताप यायचा. पुढं संतापायचाही कंटाळा आला.

ती मात्र सुधारत होती. गोळीशिवाय झोप लागते म्हणाली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग अकोल्याची मंडळी गावात चौकशीला आली. आमच्याकडे मुलीच्या घराआधी पानठेल्यावर विचारतात. मी कोण, कशासाठी फिरते, हे गावाला ठाऊक होतंच. ठेल्यावर कुणीतरी सहज सांगून टाकलं, की ती डोक्याच्या इलाजवाली बाई दर आठवड्याला त्या दाराचा फोटो काढून नेते. मंडळी चहालाही थांबली नाही.

तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

“ताई, फोटोत तं मी नव्हती ना?”

“नव्हती.”

“मंग त्यायले कसं समजलं?”

फोटोत ती खरंच नव्हती. दारासमोर मोबाइल धरून उभी असलेली मी मात्र अख्ख्या गल्लीला दिसत होते.