मुठीचे माप

आमच्या मांगरात, म्हणजे घराबाजूच्या खोपीत, पूर्वी गवताच्या पेंढ्या आणि पावसाळ्यासाठी सुकी लाकडे असत. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर ती सगळी मी पडवीत हलवली, कारण माझ्या यजमानांना तिथे भट्टी लावायची होती. ते मुंबईत एका कारखान्यात फिटर होते. सासरे गेल्यावर शेत आणि काजूची बाग बघायला घरात माणूस उरला नाही, म्हणून परत आले. येताना आगबोटीने रेल्वेच्या रुळाचा हातभर लांब तुकडा घेऊन आले. मालवणला उतरताना हमालाने विचारले, "ह्या कित्याक?" हे म्हणाले, "ऐरण." हमालाला ती थट्टा वाटली. बैलगाडीतून ती ऐरण घरी आली आणि फणसाच्या ओंडक्यावर बसली.

गावात लोहार होता. नांगराचे फाळ, कुदळी, पारई ही त्याची कामे. यांनी ती कधी घेतली नाहीत. यांना हौस पात्यांची. सुरी, कोयती, कोयता, विळी, एवढेच करायचे आणि ज्याचे त्याच्या हाताला बसेल असेच करायचे. पोलाद म्हणजे मोटारीच्या स्प्रिंगचे मोडके पाटे किंवा झिजलेल्या कानशी. कोळसा करवंट्यांचा, तो मी भाजून ठेवत असे. भाताही मीच ओढायचे.

भाता ओढणारीला दुसरे काही करता येत नाही, नुसते बघता येते. त्यामुळे मला प्रश्न पडू लागले. कठीण केलेले पाते घासून चकचकीत केले आणि पुन्हा हलके तापवले की त्यावर रंग चढतात. आधी सुकल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. निळ्यावर थांबवले तर पाते लवते पण धार टिकत नाही. पिवळ्यावर थांबवले तर धार टिकते पण पाते आपटल्यावर तुकडा उडतो. असे का, हे यांनाही सांगता येत नसे. मी एक वही केली. कोणासाठी, काय कापायला, बसून की उभ्याने की झाडावर चढून, पोलाद कुठले, रंग कुठे थांबवला आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक काय म्हणाले, हे सगळे त्यात. शिवाय प्रत्येकाचा हात. वहीच्या पानावर तळवा पालथा ठेवायला सांगायचे आणि भोवती पेन्सिल फिरवायची. त्यावरून हे मूठ करत.

ती पाने चाळायला मला आवडे. नारळ पाडणाऱ्याचा हात लांबीपेक्षा रुंदीलाच जास्त. लग्नघरी स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याची बोटे एखाद्या मास्तरासारखी निमुळती. मला वाटे, हाताबद्दल कळण्यासारखे सगळे या पानावर आले.

एका आषाढात कट्टा गावच्या बाजारात मासे विकणारी बाई आमच्याकडे आली. ती दर्याकाठची, पहिल्या गाडीने टोपली घेऊन यायची आणि मोठे मासे कापून द्यायची. नवरा दुसऱ्याच्या रापणीवर जाळे ओढायला जाई, पण घर आणि दोन मुली तिच्या टोपलीवर चालत. वैशाखात शिंगाळा साफ करताना त्याचा काटा तिच्या उजव्या तळव्यात गेला होता. हात कोपरापर्यंत सुजला, महिनाभर ती घरी होती आणि बाजारातल्या तिच्या जागेवर तिची जाऊ बसली. आता पावसात दर्या बंद, बाजारात सुकी मासळी. पण नारळी पौर्णिमेनंतर ताजा मासा सुरू होणार होता.

"पुनवेनंतर पयल्या बाजाराक मी थंय बसलंय नाय, तर ती जागा जावेची," ती म्हणाली. "मगे माका दारोदार फिरूचा लागतला, ह्या वयात."

"हात कसो आसा?" यांनी विचारले.

"हात बरो आसा. कोयतोच जुनो झालो. निसटता."

मी वही काढली. तिने तळवा पानावर ठेवला. तळव्याच्या मधोमध पांढुरका व्रण असणार, पण हात पालथा असल्याने तो दिसत नव्हता. पाच बोटे सरळ, सुटी, अगदी व्यवस्थित. मी पेन्सिल फिरवली.

आठ दिवसांत कोयता झाला. आमच्याकडे पाते हातातून हातात देत नाहीत, दोघांत भांडण लागते म्हणतात. देणाऱ्याने जमिनीवर ठेवायचे, घेणाऱ्याने उचलायचे. यांनी कोयता जमिनीवर ठेवला. बाईने तो वाकून पाहिला, वाखाणला, आणि टोपली माझ्यासमोर सरकवत म्हणाली, "वयनी, ह्येच्यात ठेवा गो. भिजली आसंय मी, मूठ भिजात." मी ठेवला.

चार दिवसांनी ती परत आली. कोयता जड झाला म्हणाली. यांनी पाठ घासून हलका केला. पुन्हा आली, मूठ बारीक वाटते म्हणाली. यांनी शिवणीच्या लाकडाची जाड मूठ बसवली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मूठ गुळगुळीत झाली होती आणि पाते लांब. दर वेळी काहीतरी कारणाने कोयता मीच टोपलीतून काढायचा, मीच टोपलीत ठेवायचा.

हे वैतागले. "माझ्या फिटरकीत कोणी एवढे दोष काढले नाहीत," म्हणाले. घरात ते मधूनमधून मुंबईची भाषा बोलत, विशेषतः रागात.

मी वहीतल्या तिन्ही नोंदी एकाखाली एक वाचल्या. जड, बारीक, गुळगुळीत, लांब. एकच कोयता एका माणसाला इतक्या तऱ्हांनी कसा खुपेल, याचे मला कुतूहल वाटू लागले. पौर्णिमेला तीन आठवडे राहिले होते.

चौथ्यांदा ती आली तेव्हा मी भाकरीचे पीठ मळत होते. हात पिठाने भरलेले. यांनी दुरुस्त केलेला कोयता जमिनीवर ठेवला. ती मला म्हणाली, "वयनी, ठेवतास?"

"हात खरकटे आसत माजे. तूच घे."

ती जराशी थांबली. मग वाकून तिने डाव्या हाताने कोयता उचलला आणि झटकन टोपलीत टाकला. जन्मभर मासा कापलेली बाई पाते डाव्या हाताने उचलते, हे मला विचित्र वाटले. शुभकामाला काय, मासा द्यायलाही डावा हात कोणी पुढे करत नाही.

मी पिठाचा गोळा तोडून तिच्यापुढे धरला. "ह्यो उजव्या हातात घे. आणि मूठ वळ."

"कित्याक गो?"

"माप घेतंय."

तिने यांच्याकडे पाहिले. हे कानस पुसत राहिले. तिने गोळा घेतला आणि आवळला. मी तो परत घेऊन उजेडाला नेला. अंगठ्याचा खड्डा होता, करंगळीचा होता, शेजारच्या बोटाचा थोडासा होता. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या जागी पीठ जसेच्या तसे. ती बोटे मिटतच नव्हती.

वहीत पालथा घातलेला हात सगळ्यांचाच सरळ दिसतो. मिटतो किती, हे त्यात येत नाही. आणि पाते धरायचे ते मिटलेल्या हाताने. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षे मला सुचली नव्हती.

"कधीपासून?" मी विचारले.

"सूज उतारली तेवापासून." ती उंबऱ्यावर बसली. "कोणाक सांगा नको. जावेक कळला तर ती पुनवेची वाट बघूची नाय, आजच बाजारभर सांगात. माका वाटला, दादा चांगलो कोयतो करतले, मगे आपसूक धरूक जमतला."

"अगो, कोयत्यान बोटा मिटतत?" हे म्हणाले.

"तुमच्या कोयत्याचा नावच तितका मोठा झाला, माजो काय दोष?"

यावर हे हसले. त्या महिन्यात तिच्यासमोर पहिल्यांदाच हसले असतील.

मग आम्ही तिघांनी सरळ विचार सुरू केला. डाव्या हाताने कापायचे का? गिऱ्हाईक घेणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. कोयता मनगटाला बांधायचा का? तो सगळ्या बाजारात दिसेल. उजवा हात काय करू शकतो, हे मी तिला करून दाखवायला लावले. धरता येत नव्हते, पण तळव्याने रेटता येत होते. तिने उंबऱ्यावर हात टेकून जोर दिला तेव्हा उंबरा करकरला.

"विळयेर काय काय कापतंस?" मी विचारले.

"बांगडे, तारल्यो. बारीकसारीक."

"इसवण कित्याक नाय?" सुरमईला आमच्याकडे इसवण म्हणतात.

"विळी वाकतली नाय? घरच्या विळयेर कोण इसवण कापता?"

हे उठून मांगरात गेले आणि मोटारीचा एक पाटा घेऊन आले. पुढच्या दोन आठवड्यांत आमच्या मांगरात कधी झाली नव्हती अशी वस्तू झाली: इसवणीची विळी. पाते करंगळीएवढ्या जाडीचे, धारेकडे निमुळते, उंचीला घरच्या विळीपेक्षा चार बोटे जास्त. धरायचे काही नाही. पायाने पाट दाबायचा आणि मासा दोन्ही हातांनी पात्यावर रेटायचा.

पहिले पाते पाण्यात बुडवताच टचकन आवाज आला आणि मधोमध चीर गेली. जाड पोलादाला सगळीकडून एकदम थंड पाणी सोसले नव्हते. दुसऱ्या वेळी यांनी कोमट पाणी घेतले आणि फक्त धार बुडवली, पाठ वर लाल राहू दिली. मी भाता सोडून जवळ गेले आणि कान देऊन ऐकले. नुसते चरचरले. रंग तांबूसवर थांबवला. वहीत लिहिले.

पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बाजाराला मी पिशवी घेऊन लवकर गेले. जाऊ आधीच येऊन त्या जागेवर टोपली मांडून बसली होती. आमची बाई गाडीतून उतरली, डोक्यावर टोपली, मागे मुलीच्या डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेली विळी. ती जावेसमोर जाऊन उभी राहिली.

"उठ गो. माजी जागा ती."

"हातान काय होणा नाय तुज्या. कापतलंस कशी?"

"तोंडान कापतंय. बघूक बस बाजूक."

बघे जमले. जाऊ उठली नाही, पण कमरेने वीतभर सरकली. बाईने तेवढ्या जागेत विळी मांडली. एका गिऱ्हाइकाने अख्खी इसवण उचलून दिली, कौतुकाने की परीक्षा बघायला ते ठाऊक नाही. तिने पाटावर पाय दिला, डाव्या हाताने मासा धरला, उजव्या तळव्याने अंगाचा भार टाकून रेटला. कण्यापाशी मासा अडला. तिने पुढे झुकून पुन्हा भार दिला, कणा कडाडला आणि तुकडी पानावर पडली. जरा तिरकी, पण स्वच्छ.

"गे बाय, ही तिरकी," गिऱ्हाईक म्हणाले.

"तिरकी तुकडी रश्यात गोड लागता. घरी जावन बायलेक विचार."

पाचव्या तुकडीपासून त्या सरळ पडू लागल्या. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. जाऊ त्याआधीच रांगेच्या टोकाला जाऊन बसली होती.

मी निघाले तेव्हा बाईने मला हाक मारली. विळीचा पाट माशांच्या पाण्याने निसरडा झाला होता आणि तिची टाच सारखी घसरत होती. "वयनी, दादांक सांगा," ती म्हणाली, "टाचेक जरा खळगो करून होयो. आणि पाता बोटभर पाठी घेऊक सांगा. माका आता वर्सानुवर्सा हय बसूचा आसा."

मी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली आणि तिला टाच पुढे करायला सांगितले.