गोमतीतली भरती

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि आईने लगेच ट्रंका भरायला घेतल्या. मानक नगरच्या क्वार्टरमध्ये तिची तीस वर्षं गेली, पण लखनौशी तिचं कधी जमलंच नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करावं, हे तिच्याकडून शिकावं. इथला उन्हाळा वाईट, इथली डाळ वाईट, आणि मी, तिची मुलगी, मराठीला हिंदीत उत्तर देते हे सगळ्यात वाईट. बाबांचं गावचं घर कोकणात, अगदी खाडीच्या काठावर. नोकरी संपली की तिथे राहायला जायचं, असा शब्द त्यांनी तिला लग्नातच दिला होता. क्वार्टर सोडून निशातगंजला घेतलेल्या दोन खोल्या फक्त निघेपर्यंतच्या होत्या.

जाण्याआधी एकदा गोमतीत नावेतून फिरू, असं मी म्हटलं. पावसाळा सरत आला होता, आभाळ मळकट होतं. बंधाऱ्याचे दरवाजे उघडलेले असल्यामुळे एरवी डबक्यासारखी पडून असणारी नदी चांगलीच पळत होती. आई मात्र खुशीत होती. गावच्या अंगणात काय काय लावायचं ते बाबांना सांगत होती आणि बाबा नुसतेच मान हलवत होते.

परतताना नाववाल्याला जिथून निघालो तो घाट धरता येईना. "बहाव बहुत तेज है भैया, आगे लगा लेंगे," असं काठावरच्या एकाला ओरडून सांगत त्याने नाव खालच्या घाटाकडे नेली. तो घाट त्याच्याही सवयीचा नसावा. तिथे एका दगडी भिंतीचं टोक नदीत आलं होतं. प्रवाह त्यावर आपटायचा आणि काठालगतचं पाणी चक्क उलटं, वरच्या अंगाला वाहायचं. नाव पायऱ्यांजवळ जायची आणि गर्रकन फिरायची. शेवटी त्याने दोर फेकला, पायरीवरच्या माणसाने तो झेललाही. एवढ्यात बाबा उठले आणि त्यांनी दोर मागे ओढून घेतला.

"सोड तो! भरती आहे, दिसत नाही? पाणी वर चढतंय. ओहोटी लागू दे, मग लाव."

हे सगळं मराठीत, लखनौच्या नाववाल्याला. आई हसली. बाबांचे विनोद असेच कोरडे असायचे. मग त्यांनी काठाकडे बोट दाखवून तिला विचारलं, "घरात अजून दिवा कसा नाही लावला?" तिचं हसू तिथेच थांबलं.

"बाबा, रस्सी छोड़ो ना!" मी किंचाळले. नाव आडवी झाली, पाणी आत आलं. मला नुसता राग आला होता, नदीचा, नाववाल्याचा, बाबांचा. आई रागावली नाही. ती ओणवी होऊन त्यांच्यापर्यंत गेली आणि एकेक बोट दोरावरून सोडवत म्हणाली, "मी धरते. तुम्ही बसा." ते शहाण्या मुलासारखे बसले. नाववाल्याने कशीबशी नाव लावली.

पायऱ्यांवर आई ओल्या साडीनिशी बसून राहिली. "परवा हे भाजी आणायला गेले, तर शेजाऱ्यांनी घरी आणून सोडलं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, दमले असतील." थोड्या वेळाने म्हणाली, "तिकडे दाराशीच पाणी आहे गं. माझा डोळा लागला की हे उतरतील त्यात."

डॉक्टरला दाखवू, कोणीतरी माणूस ठेवू, असं काहीबाही मी बोलत राहिले. तिने ऐकूनही घेतलं नाही. मला रडू आलं, तिच्यासाठी जास्त.

दुसऱ्या दिवशी तिने गावी काकांना फोन लावला. घर कोणाला तरी राहायला द्या, आम्ही येत नाही, म्हणाली. पलीकडून काका चिडलेले मला ऐकू येत होते. दादाने शब्द मोडला का, असं ते विचारत होते.

"त्यांना काही बोलू नका भाऊजी," आई म्हणाली. "ते तर तयारच आहेत. मलाच लखनौ सोडवत नाही."