करीमचाचाच्या खारट शेवया

तीस वर्षं मी निजामाच्या मोगलाईत अहलकारी केली, म्हणजे तहसील कचेरीत कारकुनी. कायदे-कानून सगळे विसरलो. पण कोण काय खायचं आणि खाऊन काय बोलायचं, ते मात्र डोक्यात साठत गेलं. आता चार मित्र बसले की एकातून दुसरं निघतं आणि चहा गार होतो. गाव बीड जिल्ह्यातलंच, तालुक्याचं. नाव सांगत नाही, माझी सासरवाडी अजून तिथंच आहे.

आमच्या कचेरीसमोर करीमचाचा नावाच्या म्हाताऱ्यानं दुकान टाकलं. हैदराबादला कुठल्याशा नवाबाच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेला माणूस. तो एकच पदार्थ करायचा. बकऱ्याचे पाय पहाटेपासून मंद आचेवर उकळायचे, त्या दाट शोरब्यात हातानं वळलेल्या शेवया सोडायच्या, वर उकडलेलं अर्धं अंडं आणि कांद्याची पात.

आमच्याकडं शेवया म्हणजे दूध आणि गूळ. खारट शेवया हे ऐकूनच अर्धा गाव हसला. पण आम्ही कचेरीतले, आम्हाला सगळं कळतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच जाऊन बसलो.

सोबत हणमंतराव पाटील होते. उमापूरकडचे जमीनदार, कचेरीत कोणतंही काम नसताना रोज हजर. त्यांनी वाडग्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "गूळ कुठं हाय?"

"पाटीलसाब, इसमें गूळ नै डालते."

"शेवया हाईत का न्हाईत? मग गूळ पायजे."

गूळ आणला गेला. पाटलांनी चांगला लिंबाएवढा खडा शोरब्यात विरघळवला, पहिला घास घेतला आणि थांबले. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. आता माघार कशी घ्यायची? अख्खं वाडगं संपवलं, घाम पुसला आणि म्हणाले, "लई झ्याक."

करीमचाचा वाडगं उचलत म्हणाला, "पाटीलसाब, बकरे को मैं एक बार काटा था. आप दुबारा काटे."

*

आमचे पेशकार, म्हणजे साहेबाच्या हाताखालचे मुख्य कारकून, नारायणराव. फार सोवळे. रयतेतला कोणी अर्ज घेऊन आला तर तो जमिनीवर ठेवायला लावायचे आणि वर पाणी शिंपडून मग उचलायचे. शाई पसरून अर्ज वाचताच यायचा नाही. मग त्याच कारणानं तो फेटाळायचे.

चाचाचं दुकान आल्यापासून नारायणरावांना सर्दी झाली. वैद्यानं वाफ घ्यायला सांगितलंय म्हणून ते दुपारी दुकानाच्या ओट्याला टेकून, उपरणं डोक्यावर घेऊन, पातेल्याच्या दिशेनं नाक करून बसायचे. ही सर्दी आठ महिने टिकली.

एक दिवस त्यांनी हळूच विचारलं, "करीमभाई, शेवया नको, अंडं नको. नुसतं वरचं पाणी मिळंल का? औषधाला."

"पानी तो कुएँ में है साब," चाचा म्हणाला, "सामनेच."

पण दिलं त्यानं. आणि दुसऱ्या दिवसापासून औषधात शेवयाही दिसायला लागल्या.

*

मला वाटलं, हे घरी करायला काय लागतं? बायकोला सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि संध्याकाळी ताटलीत तुरीच्या वरणात शिजवलेल्या शेवया वाढल्या.

"हे काय?"

"तुमच्या चाचाचंच हाय," ती म्हणाली. "फकस्त बकरं जित्तं ठिवलंय."

हणमंतरावांनी मात्र जिद्द धरली. त्यांच्या घरच्या चुलीवर मटण चालायचं नाही, म्हणून गोठ्यात तीन दगड मांडले. चाचा कृती सांगेना. "कितना पूछते साब, खाने को आओ ना," एवढंच म्हणायचा. तेव्हा पाटलांनी अंदाजानं पाय आणि शेवया एकदमच पातेल्यात घातले आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत उकळले. आम्हाला जेवायचं बोलावणं होतं. झाकण काढलं तर आत पळी उभी राहिली होती, कोणी न धरता.

नेमकी त्या आठवड्यात कचेरीतली लखोटे चिकटवायची खळ संपली होती. पाटलांनी मोठ्या मनानं ते पातेलं कचेरीला दिलं. लखोटे असे चिकटले की फाडल्याशिवाय उघडेनात. पण टपाल घेऊन जाणाऱ्या हरकाऱ्यानं चौथ्या दिवशी नोकरी सोडली. वाटेतल्या प्रत्येक गावची कुत्री त्याच्या पिशवीमागं लागत होती.

*

मग तहसीलदारसाहेबांना चव लागली. ते हैदराबादचे, नवीन शिकलेले. हातानं खाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, म्हणून कचेरीतच वाडगं मागवून काटा-चमच्यानं खायचे. शेवई काट्यावरून निसटायची, साहेब पुन्हा गुंडाळायचे.

एकदा असंच जेवून ते इजलासावर, म्हणजे न्यायनिवाड्याला, बसले. दाढीत एक लांब शेवई लोंबत होती. आम्ही सगळ्यांनी बघितली आणि सगळ्यांनी आढ्याकडं नजर लावली. सांगणार कोण?

समोर चकलांब्याचा एक म्हातारा धनगर उभा होता. त्याची मेंढरं कोंडवाड्यात अडकली होती आणि तिथं ती दोन-दोन करून मरायला लागली होती. साहेबाला मराठी येत नव्हती, म्हाताऱ्याला उर्दू येत नव्हती, दोघांच्या मधे नारायणराव.

म्हाताऱ्यानं साहेबाच्या दाढीकडं निरखून बघितलं. मग म्हणाला, "सरकार, दाढीत शेवई लोंबायलीय तुमच्या."

आम्ही सगळ्यांनी कागदांत तोंडं घातली.

"क्या कहता है?" साहेबांनी विचारलं.

नारायणराव उठून उभे राहिले, हात बांधले आणि म्हणाले, "कहता है, हुजूर का इकबाल बुलंद रहे."

साहेब खूश झाले. दाढीवरून हात फिरवला, तरी शेवई पडली नाही. त्यांनी तिथल्या तिथं मेंढरं सोडायचा हुकूम दिला. एवढ्या लवकर न्याय मिळालेला मी त्या कचेरीत दुसरा बघितला नाही.

*

घरी गेल्यावर साहेबांना आरशानं खरं ते सांगितलं. शेवईबद्दल काही लिहिता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी कागद निघाला की समोरच्या दुकानाच्या वासानं सरकारी कामात खलल, म्हणजे व्यत्यय, येतो. चौकशी बसली. करीमचाचाला दाराशी उभं केलं आणि आम्हाला एकेक करून विचारलं, या दुकानात कधी खाल्लंय का?

आम्हाला कळलं की हो म्हणणाऱ्याची बदली होणार, आणि तो बाहेरचा असेल तर त्याचं कचेरीत येणं बंद होणार.

हणमंतराव म्हणाले, "आमी घरचंच खातो." मी म्हणालो, मी त्या बाजूनं जातही नाही. माझ्या बोटांना तेव्हाही लसणाचा वास येत होता.

नारायणरावांनी तर जानव्याची शपथ घेतली. साहेब म्हणाले, "सुना है, शोरबे में नमक तेज रहता है."

"नहीं हुजूर, बिलकुल बराबर," नारायणराव पटकन बोलून गेले आणि मग म्हणाले, "ऐसा लोग कहते हैं."

चाचानं मान खाली घातली नाही. एकेकाचा जबाब ऐकत गेला, जो बोलेल त्याच्याकडं बघत. शेवटी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, "साब लोगां पढ़े-लिखे हैं, झूट कायकू बोलेंगे?"

दुकान उठलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चाचानं भाड्याची बैलगाडी आणली. आम्हाला वाईट वाटत होतंच. मी, हणमंतराव आणि नारायणराव सामान चढवायला गेलो. मोठं पातेलं तिघांनी मिळून उचललं. चाचा दोऱ्या बांधत राहिला.

गाडीवान वर चढला तेव्हा हणमंतरावांना राहवेना. गाडीचं चाक धरून म्हणाले, "चाचा, आता तर चाललात. जाता जाता तेवढी कृती सांगा की."

चाचानं तिघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"किसकी कृती, साब?" तो म्हणाला. "आप लोगां तो कभी खायेच नै."