हाळीला ओ

कॉलेजात असताना मला कुठलीही बाजू द्या, मी जिंकून दाखवायचे. एका स्पर्धेत दारूबंदीच्या बाजूनं बोलून पहिलं बक्षीस आणलं आणि महिन्याभरात दुसरीकडं तिच्याविरुद्ध बोलून तिथलंही आणलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच.

देशानं पहिला अणुस्फोट केला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कोल्हापुरातल्या मोठ्या वादविवाद स्पर्धेला विषय आला : युद्धात अणुबॉम्ब वापरणं समर्थनीय आहे. चिठ्ठीत मला अनुकूल बाजू निघाली. तिथली फिरती ढाल आमच्या कॉलेजनं, खरं तर मी, लागोपाठ दोन वर्षं आणली होती. तिसऱ्यांदा आणली की ती कायमची आमची. प्राचार्यांनी तिच्यासाठी ऑफिसातलं एक कपाट आधीच रिकामं करून ठेवलं होतं.

भाषण पाठ करायला मी गावी गेले. आमचं रान गारगोटीच्या वाटेवर. तिथं विहिरीचं काम चाललं होतं आणि काळा खडक लागल्यामुळं वडिलांनी सुरुंगवाल्या चाचांना बोलावलं होतं. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. त्यांची रीत ठरलेली होती. सकाळी आल्याआल्या कुठल्या रानात कोण आहे ते फिरून बघून ठेवायचे. दुपारी खडकातल्या भोकांत सुरुंगाची दारू ठासून झाली, की काठावर उभं राहून चारी दिशांना हाळी द्यायचे, ‘सुरुंग हाय होऽ!’ मग ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरून ‘लांब हाय!’ म्हणून ओ द्यायची. सगळ्यांची ओ आल्याशिवाय वातीला काडी लागत नसे.

माझ्या भाषणाचा सगळा भार होता इशाऱ्यावर. शत्रूच्या शहराला आधी इशारा द्या. ‘इशारा देऊनही जे तिथंच थांबले, त्यांच्या मरणाचा दोष बॉम्ब टाकणाऱ्यावर कसा?’ या वाक्याला टाळ्या पडणार याची मला खात्री होती. एका दुपारी वरच्या बांधापलीकडच्या खोपीत बसून मी हेच वाक्य घोळवत होते, तेवढ्यात हाळी आली. मी ती ऐकली. पण खोपीपर्यंत दगड येत नाहीत हे मला ठाऊक होतं आणि वाक्य मध्येच तोडावंसं वाटेना. पुन्हा हाळी आली. मी पुन्हा पहिल्यापासून वाक्य म्हटलं.

सुरुंग काही उडेना. बऱ्याच वेळानं चाचा खोपीच्या दारात आले, घामाघूम होऊन. सकाळी त्यांनी मला ओढ्याकाठी बघितलं होतं, म्हणून मला शोधायला त्यांनी ओढा आणि निम्मा ऊस पालथा घातला होता. खाली रस्त्यावर उसाच्या गाड्या अडल्या होत्या, भांगलणीच्या बायका तण काढायचं काम टाकून लांब जाऊन बसल्या होत्या, आणि वडील चिडून येरझाऱ्या घालत होते. मी तोऱ्यातच सांगितलं, की मला ऐकू आलं होतं, मी लांबच होते, आणि दोनदा हाळी दिल्यावर तुमची जबाबदारी संपली.

चाचा रागावले नाहीत.

‘पोरी, तू ऐकलंस ते तुझ्यापाशी ऱ्हायलं,’ ते म्हणाले. ‘मला कसं कळायचं? वात माझ्या हातात हाय, तवर तुझा जीव माझ्या गळ्यात हाय की.’

वादात हरायची ती माझी पहिलीच वेळ, आणि तीही स्पर्धेत नव्हे, स्वतःच्याच रानात.

पुढचे तीन दिवस मी भाषणाची डागडुजी करत राहिले. इशारा काढला तर मागं, बॉम्बनं इतके मरतील पण लढाई लांबली तर त्याहून जास्त मरतील, अशी नुसती मेलेल्यांची वजाबाकी उरत होती, आणि ती काही मला बोलवेना. शेवटी आहे तेच भाषण घेऊन मी स्पर्धेला उभी राहिले. सभागृह भरलेलं होतं, सुरुवात झकास झाली, प्राचार्य पहिल्या रांगेत मान डोलावत होते. मग ते वाक्य आलं आणि मी थांबले.

‘त्या इशाऱ्याला ओ कोण देणार?’ मी म्हटलं. ‘खाटेवरचा म्हातारा? पाळण्यातलं पोर? त्यांची ओ आल्याशिवाय काडी लावणं मला समर्थनीय म्हणता येत नाही.’

हातात चार मिनिटं शिल्लक असताना मी खाली बसले. दिलेली बाजू सोडली म्हणून परीक्षकांनी मला बाद केलं आणि ढाल दुसऱ्या कॉलेजात गेली. मला फार वाईट वाटलं. एसटीत मी गाव येईपर्यंत रडले. पण त्या विषयावर मी पुढं आयुष्यभर भल्याभल्यांशी वाद घातले, आणि माझी बाजू एकदाही बदललेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रानात गेले. दुपारी हाळी आली. बायकांनी ओ दिली, वडिलांनी दिली, गाडीवानांनी दिली. चाचा खोपीकडं तोंड करून थांबले होते. मी तोंडाशी दोन्ही हात धरून छातीभर ओरडले, ‘लांब हाय!’

मगच त्यांनी काडी ओढली.