सातव्या मजल्यावरचा होकार

सातव्या मजल्यावरच्या आजी बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि समोरच्याकडे रोखून बघायच्या. आपण ‘हं’ म्हटलं की गाडी पुढे. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पहिल्याच भेटीत मी ‘हं’ म्हणायला चुकलो आणि बाजारातल्या माशांची हकिकत कायमची अर्धी राहिली. आजी टांझानियाच्या. ‘आंटी’ त्यांना चालेना. “तुमच्या भाषेत काय म्हणतात?” असं विचारून ‘आजी’ हा शब्द त्यांनी स्वतःच लावून घेतला.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभं आयुष्य काढून, निवृत्तीनंतर लॅपटॉप शिकून, या बाईंनी आफ्रिकी भाषांतल्या साहित्याचं ऑनलाइन संमेलन सुरू केलं. स्वाहिली, योरुबा, झुलू, अम्हारिक, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावरून. “सातव्या मजल्यावरून नमस्कार,” अशी त्यांची सुरुवात. मी आयटीवाला, त्यामुळे तांत्रिक बाजू आपसूक माझ्या गळ्यात पडली. लेखकाने आधी आपल्या भाषेत वाचायचं, भाषांतर नंतर, हा त्यांचा नियम. “आधी कानाला चव लागू दे, अर्थ येतो मागून.” इंग्रजीतून केलंत तर जास्त लोक येतील, असं एका डच बाईंनी सुचवलं. आजी शांतपणे म्हणाल्या, “मग ते इंग्रजीचं संमेलन होईल. तसली भरपूर आहेत.” त्या क्षणी मी त्यांचा भक्त झालो.

या सगळ्या खटाटोपामागे होते त्यांचे धाकटे भाऊ. गावाकडे शाळामास्तर होते. स्वाहिलीत लिहिलेल्या गोष्टींनी वह्या भरलेल्या, छापलेली एकही नाही. त्यांची नजर अधू होत चालली होती. त्यांना वाचता येतंय तोवर चार माणसांनी त्यांना ऐकावं, एवढीच आजींची इच्छा.

पहिल्या वर्षी भाऊ पडद्यावर आले. कुणाच्या घरी मूल रडत होतं, कुठे कोंबडा आरवत होता. ऑफिसच्या मीटिंगच्या सवयीने मी सगळ्यांचे माइक एका फटक्यात बंद केले आणि स्वतःवर खूश झालो. भाऊंनी हाक दिली, “पाउक्वा!” शांतता. पुन्हा, “पाउक्वा!” पुन्हा शांतता. मला काही कळायच्या आत त्यांनी चष्मा काढला, वही मिटली आणि ते निघून गेले.

त्यांच्याकडे गोष्ट सांगणारा ‘पाउक्वा’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यांनी ‘पाकावा’ म्हणून होकार द्यायचा. त्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. आमची आईसुद्धा ‘हं’ आला नाही की गोष्ट थांबवायची, आणि मी नेमकं तेच विसरलो होतो.

“सॉरी आजी. मला वाटलं, डिस्टर्बन्स नको.”

“तू घर फार स्वच्छ केलंस,” आजी म्हणाल्या. “इतकं, की त्याला वाटलं इथे कुणी राहतच नाही.”

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढचं वर्षभर दर रविवारी त्या भावाला फोन करून समजावत राहिल्या. भाऊ परत आले, तेव्हा सगळे माइक उघडे होते. पहिला ‘पाकावा’ आजींचा, असा दणदणीत की स्पीकर खरखरला. नंतर दर वर्षी पहिला होकार त्यांचाच असायचा.

या हिवाळ्यात आजी गेल्या. मला अजून लिफ्टमध्ये चुकल्याचुकल्यासारखं होतं. संमेलन थांबवू नका, असं भाऊंनीच कळवलं. आता त्यांना अजिबात दिसत नाही, गोष्ट तोंडपाठ म्हणणार होते. मी माझ्या घरून, पाचव्या मजल्यावरून, सगळं जोडून दिलं.

“पाउक्वा!”

सगळे माइक उघडे, तरी कुणी बोलेना. जो तो आजींच्या आवाजाची वाट बघत असावा. भाऊंचा चेहरा पहिल्या वर्षीसारखा होऊ लागला. बंद होता तो फक्त माझा माइक. तांत्रिक माणसाने कशाला बोलायचं, म्हणून इतकी वर्षं मी तो कधी उघडलाच नव्हता. तो सुरू केला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडलो, “पाकावा!”

मागोमाग सगळे ओरडले. भाऊंनी मान वळवली.

“सातवा मजला?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो, आणि गोष्ट सुरू झाली.